डावा मोजा

माझा नवरा आयुष्यभर लोकांना झोपवायचं काम करायचा आणि मी त्यांचे तुकडे काचेवर ठेवून बघायचं. तो भूलतज्ज्ञ, मी पॅथॉलॉजिस्ट. नागपूरला मेडिकलला एकाच वर्गात होतो, म्हणून आमच्यात 'अहो' कधी आलंच नाही. पुढे ओहायोतल्या डब्लिनमध्ये चाळीस वर्षं एकाच घरात राहिलो आणि त्या चाळीस वर्षांत मी त्याच्या किती चुका काढल्या याची गणती नाही. गॅरेजचं दार उघडं राहिलं, फॉर्म भलत्याच रकान्यात भरला, पाहुण्यांना किस्सा सांगताना माणसंच बदलली. मी दुरुस्त करायची, तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "तुझंच खरं." भांडण संपवायची ही त्याची रीत होती. मला ती मुळीच आवडत नसे, कारण त्यात मी जिंकायची नाही, भांडण नुसतंच बंद पडायचं.

निवृत्त झाल्यावर बाकीचे डॉक्टर गोल्फ खेळायला लागले, नाहीतर टेक्सासला मुलांकडे निघून गेले. हा स्कॉटलंडच्या चर्चच्या नादी लागला. आमच्या लायब्ररीत दर गुरुवारी सकाळी दहाला चारपाच म्हातारी माणसं जमतात. एक निवृत्त प्राध्यापिका त्यांना जुनं हस्ताक्षर वाचायला शिकवते. तिने आयुष्यभर स्कॉटलंडच्या चर्चचा इतिहास शिकवला आहे. तिकडच्या एका ग्रंथालयाने सोळाव्या शतकातली पत्रं फोटो काढून वेबसाइटवर ठेवली आहेत. डावीकडे पत्राचा फोटो, उजवीकडे रिकामी चौकट. ओळ वाचायची आणि टाइप करायची. जी ओळ वाचता येत नाही तिथे 'वाचता येत नाही' अशी खूण करायची, अंदाज ठोकायचा नाही. हा त्या प्राध्यापिकेचा नियम. तेवढ्यापुरती ती बाई मला न भेटताच पटली होती.

नवऱ्याला लहानपणी आजोबांनी मोडी वाचायला शिकवली होती. तो म्हणायचा, ही लिपी तशीच आहे, लिहिणाऱ्याला हात उचलायचा कंटाळा. गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून जायचा. "तू पण चल ना," असं पहिली दोन वर्षं म्हणाला. मी म्हटलं, आपल्याकडच्या बखरी कुणी वाचेना आणि आपण गोऱ्या भटजींची पत्रं वाचायची? मग त्याने म्हणायचं सोडलं. पण जेवताना मला सगळं ऐकावं लागायचं.

त्याच्या वाट्याला आला होता एक पाद्री. प्रोटेस्टंट, त्यामुळे बायकामुलं असलेला. त्या काळी तिथला राजा अगदी तरुण होता. राजाचं म्हणणं, चर्चवर बिशप हवेत आणि ते मी नेमणार. पाद्र्यांचं म्हणणं, आम्ही सगळे सारखे, आमची सभा ठरवेल ते, आणि चर्चमध्ये राजासुद्धा इतरांसारखाच बाकावर बसणारा माणूस. आमच्या पाद्र्याने हेच चर्चमधल्या प्रवचनात जरा मोठ्याने सांगितलं. पकडायला माणसं निघाली असं कळल्यावर तो शरदात एका रात्रीत सीमा ओलांडून इंग्लंडच्या एका बंदरात गेला. बायको आणि तीन मुलं गावात राहिली. त्यांना चर्चच्या घरातून बाहेर काढलं. गावच्या सरदाराने त्यांना आपल्या धान्याच्या कोठाराशेजारची खोली दिली, पण जेवायला वाड्यात काही बोलावलं नाही. हा सरदार सकाळी राजाच्या दरबारात आणि संध्याकाळी पाद्र्यांच्या सभेत. दोन्ही डगरींवर हात. "हा सरदार मला माहीत आहे," नवरा म्हणायचा, "आपल्या मंडळाच्या कमिटीवर होता."

तिसरा माणूस म्हणजे पाद्र्याचे गुरू. एका कॉलेजचे प्रमुख, मोठे पंडित, आलेल्या प्रत्येक पत्राला लॅटिनमध्ये लांबलचक उत्तर देणारे. त्यांच्याबद्दल पाद्री बायकोला लिहितो की गुरूंनी मला चार पानं भरून धीर पाठवला आहे, पण इथे थंडी फार आहे आणि धीर पायात घालता येत नाही, तर तू राखाडी मोजे पाठव. हे वाक्य नवऱ्याने मला तीनदा तरी ऐकवलं असेल. तिसऱ्यांदा मी म्हटलं, कळलं, आता वरण वाढू का?

मग तो आजारी पडला. स्वादुपिंड. मी पॅथॉलॉजिस्ट, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सहा महिने मिळाले. त्यातही तो जमेल तितके गुरुवार गेला. शेवटी हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, दुखणं एक ते दहात किती? तो म्हणाला, चार. मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस, सात आहे." त्याने मान हलवली. आमच्या दोघांमधलं हे शेवटचं धड वाक्य, आणि ते माझं होतं.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माणसं आली, डबे आले, माणसं गेली. मुलगी टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला असते. तिने महिनाभर राहून घेतलं आणि मग तिलाही नोकरी होती. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी तिकडेच प्लेनोला मुलांकडे गेलेल्या, त्या फोनवर नातवंडांच्या आवाजातून माझ्याशी बोलायच्या. घर मोठं, बर्फ भरपूर. कधी कधी दिवस संपताना लक्षात यायचं की आज तोंडातून एकही शब्द निघालेला नाही. मग मी स्वयंपाकघरात उभी राहून काहीतरी मोठ्याने म्हणायची, "मीठ संपलंय" असं काहीतरी, नुसता आवाज आहे की गेला हे बघायला. मला एकटं वाटत होतं. त्याला दुसरा शब्द नाही आणि मी शोधतही नाही.

प्राध्यापिकेच्या ईमेल येत होत्या. गुरुवारी या, आम्हाला आवडेल. मी उत्तर द्यायची, धन्यवाद, सध्या नाही. अशा आठदहा तरी झाल्या. मग यंदा जानेवारीत वेगळी ईमेल आली. एप्रिलमध्ये लायब्ररीत त्या पत्रांचं प्रदर्शन आहे, त्यात एक पॅनल तुमच्या यजमानांच्या स्मरणार्थ, त्यांच्याच टिपणाचं. सोबत टिपण जोडलं होतं. छापण्याआधी एकदा वाचून घ्याल का?

मी वाचलं. एका पानाचं होतं. नवऱ्याने लिहिलं होतं की पाद्री पळून गेला त्यानंतरच्या फेब्रुवारीत त्याची बायको गेली. गावच्या चर्चच्या वहीत नोंद आहे, तिच्यावर घालायला चर्चचं काळं कापड दिलं आणि त्याबद्दल काही घेतलं नाही. पण पाद्र्याची बायकोला लिहिलेली पत्रं त्याच सालातल्या एप्रिलपासून डिसेंबरपर्यंतची आहेत. म्हणजे ती गेल्यानंतर नऊ महिने हा माणूस तिला पत्रं लिहीत राहिला. मुलांची चौकशी करत राहिला, मोजे मागत राहिला. पलीकडून उत्तर येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. शेवटचं वाक्य असं होतं की काही माणसांशी बोलायची सवय मरणाने सुटत नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट रडले. अंत्यविधीच्या वेळी मी पाहुण्यांचा चहा बघत होते. आता मात्र टेबलावर डोकं ठेवून रडले. मला वाटलं, हा मला सांगून गेलाय. मी तिकडून बोलत राहीन, तू इकडून बोल. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, तरी त्या एका पानावर ठेवला. ते पान मी छापून फ्रिजवर लावलं आणि दोन महिने सकाळी चहा करताना वाचत होते. "मीठ संपलंय" हे त्यालाच सांगायला लागले. बरं वाटत होतं.

तिथेच थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण स्वभावाला औषध नाही. पॅनल छापायचं तर मूळ पत्रं एकदा डोळ्यांखालून घालावीत म्हणून त्याच्याच पासवर्डने वेबसाइट उघडली. पासवर्ड माझं माहेरचं आडनाव होतं. त्याने वाचलेली पत्रं मी सकाळी दोन दोन तास ताडून बघायला लागले. सुरुवातीला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. पण माझी नोकरीच बघण्याची होती. एका पेशीवरून निदान करायचं नाही, शेजारच्या शंभर बघायच्या, तशी मी त्या पाद्र्याची अक्षरं शेजारच्या पानांवर शोधत गेले. पंधरवड्यात वाचता यायला लागलं. त्याचं काम चांगलं होतं, हे मला कबूल करायला हवं. आठ पत्रांत मला चुका सापडल्या तीन, त्याही किरकोळ.

शेवटच्या, म्हणजे डिसेंबरच्या पत्रात मात्र एका ओळीवर 'वाचता येत नाही' अशी खूण होती. कागदाची घडी त्याच ओळीवर आलेली, शाई पसरलेली. मला त्याचा रागच आला. इतका काय कंटाळा? मी फोटो मोठा केला, रंग उलटे केले, काळ्याचं पांढरं केलं. तिसऱ्या सकाळी ओळ लागली. पाद्री लिहितो: मोजे मिळाले, कोळशाच्या जहाजावरच्या माणसाने आणून दिले. डावा घोट्याशी घट्ट आहे. तुझा डावा नेहमीच घट्ट होतो.

मी खुर्चीत मागे टेकून बसले. मेलेल्या बायकोकडे माणूस मोजे मागेल, दुःखात काहीही मागेल. पण मेलेल्या बायकोने ते विणून जहाजावरून पाठवले, तेही डावा घट्ट, हे काही झेपेना. आधी वाटलं मीच चुकीचं वाचलं. पुन्हा वाचलं. मग वाटलं चर्चच्या वहीतली बाई दुसरीच कुणी असेल. पण तिथे स्पष्ट लिहिलं होतं, आमच्या पाद्र्याची बायको. दोन दिवस मी त्या मोज्यांनी हैराण झाले होते.

तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे चाळिशीची, पुण्याची, एका बँकेच्या आयटीत आहे.

"काकू, पाडव्याचा प्रोग्राम आपण नेक्स्ट सॅटर्डेला शिफ्ट केलाय हं. स्कूलचा कॅफेटेरिया तेव्हाच मिळाला. आणि काकू, काका दर वर्षी ते छोटंसं स्पीच द्यायचे ना, यंदा तुम्ही द्याल का? प्लीज?"

"मला भाषणं येत नाहीत गं."

"अहो काकू, दोनच मिनिटं. ते काका म्हणायचे ना, जानेवारीत न्यू इयर असतं असं कुणी सांगितलं, ते."

मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. नवऱ्याचं ते भाषण मला पाठ होतं. दर पाडव्याला, शाळेच्या कॅफेटेरियात, श्रीखंडाच्या वाट्यांसमोर उभा राहून तो सांगायचा की वर्ष कुठून मोजायचं हे माणसांनी ठरवलेलं असतं. आपलं चैत्रात सुरू होतं, माघ-फाल्गुन येतात ते वर्ष सरताना. पोरं फोनवर गेम खेळत असायची आणि मी मागे बसून त्याला 'आवर' अशी खूण करायची.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फेब्रुवारी वर्ष सरताना. मी शोधलं तर पाच मिनिटांत मिळालं. त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये नवं वर्ष पंचवीस मार्चला सुरू व्हायचं. पुढे त्याच राजाच्या कारकिर्दीत ते एक जानेवारीवर आणलं. म्हणजे वहीतला तो फेब्रुवारी त्या एप्रिल-डिसेंबरच्या आधीचा नव्हता, नंतरचा होता. साल तेच, पण वर्षाचं शेपूट. बाई ती सगळी पत्रं येत होती तेव्हा जिवंत होती. मोजे तिनेच विणले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. दर वर्षी माईक हातात घेऊन दुसऱ्यांना ज्ञान पाजणारा माझा नवरा, आणि चूक केली ती नेमकी पाडव्याची.

मला हसू आलं. खूप दिवसांनी मोठ्याने हसले आणि वळून त्याला सांगायला गेले, तेव्हा खुर्ची रिकामी होती. मग फ्रिजवरचं पान दिसलं आणि हसू गेलं.

कारण आता ते पान खोटं झालं होतं. गेलेल्या बायकोला कुणी नऊ महिने पत्रं लिहिली नव्हती. आपली जिवंत बायको तिकडे कोठाराशेजारी राहते आहे, उत्तर येईल, मोजे येतील असं धरून एक साधा, थंडीने कुडकुडणारा माणूस लिहीत होता. मोजे आले तर त्यातही खुसपट काढत होता. फेब्रुवारीत ती गेली. त्यानंतर तिच्या नावाने एकही पत्र नाही. मार्चमध्ये सरदाराला चार ओळींची विनंती आहे, मुलांना बघायला दोन दिवस येऊ द्या. सरदाराचं उत्तर त्या गठ्ठ्यात नाही. माणूस गेलं की माणूस गप्प होतो, हेच त्या कागदांवर लिहिलेलं होतं. डावा मोजा घट्ट आहे, हे त्याचं तिच्याशी शेवटचं बोलणं. माझ्या त्या 'सात आहे'सारखंच.

आता प्रश्न असा की मी काय करायचं. पॅनल पुढच्या आठवड्यात छापायला जाणार होतं. सांगितलं तर नवऱ्याच्या हातचं शेवटचं लिखाण, त्याच्या नावाचं, मी माझ्या हाताने खोडायचं. तेही त्याला "तुझंच खरं" म्हणायचीही सोय नसताना. नाही सांगितलं तर भिंतीवर चूक लागणार आणि ती चूक आहे हे जगात एकट्या मला माहीत असणार. शिवाय मला ती चूक हवी होती. ती होती म्हणून तर मी सकाळी कुणाशी तरी बोलत होते.

माझ्या मुलीला फोन केला. ती गाडीत होती, पोरांना पोहायला नेत होती.

"आई, लेट इट गो ना. लायब्ररीचं पोस्टर आहे. कोण वाचणार आहे? बाबांचं नाव आहे त्यावर, छान वाटेल."

"पण ते चूक आहे."

"आई, बाबांच्या मिस्टेक्स आता तरी नको ना काढूस."

मागून नातू म्हणाला, "इज आजी फायटिंग विथ आजोबा?" मुलगी म्हणाली, "नो, बेटा." मी म्हटलं, ड्राइव्ह कर नीट, नंतर बोलू.

मला मुलीचं लागलं. लागलं म्हणजे चांगलंच लागलं. चाळीस वर्षं मी त्याच्यावर प्रेम कसं केलं असं कुणी विचारलं तर मी काय दाखवणार? तो चुकला आणि मी बरोबर केलं, एवढंच. दुसऱ्या बायका नवऱ्याचं कौतुक करतात. मी त्याचं प्रत्येक वाक्य नजरेखालून घातलं, त्याच्याइतकं लक्ष मी दुसऱ्या कुणाकडे दिलं नाही. हे प्रेमच होतं हे मला माहीत होतं. त्याला माहीत होतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. दोन दिवस हेच डोक्यात. गुरुवारी सकाळी फ्रिजवरचं पान काढलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं आणि लायब्ररीत गेले.

वरच्या मजल्यावरची खोली शोधायला वेळ लागला. साडेनऊच झाले होते. प्राध्यापिका एकटीच टेबलं जोडत होती. ऐंशीच्या घरातली, उंच, गुडघे दुखतात म्हणून हातात काठी. मी माझं नाव सांगायच्या आत ती म्हणाली, "तुम्ही आलात." आणि खाली बसली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. ईमेलवर सांगता आलं असतं, पण समोर सांगावंसं वाटलं, माफ करा, टिपण छापू नका, त्यात चूक आहे. वर्ष मार्चमध्ये सुरू होत होतं. बाई जिवंत होती. डिसेंबरच्या पत्रातली न वाचलेली ओळ मी वाचली आहे, मोजे तिने पाठवले. मी कागद पुढे केला.

तिने कागदाकडे पाहिलंच नाही.

"डावा घट्ट होता," ती म्हणाली.

मी पुढे केलेला कागद मागे घेतला.

"मी इतिहास शिकवला आहे हो," ती म्हणाली. "पंचवीस मार्च मला कळणार नाही का? त्यांनी टिपण दाखवलं त्याच दिवशी मी सांगितलं होतं. ते कपाळाला हात लावून हसत सुटले. म्हणाले, मी दर वर्षी यावर भाषण देतो. मग आम्ही दोघांनी मिळून डिसेंबरचं पत्र वाचलं. ती ओळ त्यांनीच लावली, इथे, या टेबलावर. टाइपही केली."

"तिथे तर वाचता येत नाही असं लिहिलं आहे."

"दुसऱ्या आठवड्यात येऊन त्यांनी ती ओळ पुसली आणि तशी खूण केली. मी फार रागावले. माझ्या नियमात बसत नाही ते. ते म्हणाले, एवढं एकदा चालवून घ्या. माझी बायको 'ये' म्हटलं तर येत नाही, मी दोन वर्षं म्हणून पाहिलं. पण माझी चूक राहिली आहे असं तिला कळलं तर ती आल्याशिवाय राहायची नाही. मी गेल्यावर चुका काढायला तिला कुणी उरणार नाही, म्हणून एक ठेवून जातो. ती आली की तिला बसवून घ्या."

मी बसले नाही. खुर्चीची पाठ धरून उभी होते. डोळे पुसायचंही सुचलं नाही.

"पॅनल मी छापायला पाठवलेलंच नाही," ती म्हणाली. "तुमच्या दुरुस्तीसाठी जागा ठेवली आहे. आधी नुसतं बोलावून पाहिलं, मग टिपण पाठवलं. वाटलं होतं ते वाचून लगेच याल. मग भीती वाटायला लागली की आता मलाच सांगावं लागणार."

बाहेर जिन्यावर बाकीच्या म्हाताऱ्यांचे आवाज येऊ लागले. कुणीतरी दार ढकललं. मी तिला एवढंच विचारलं की त्याच्या अंदाजाने तो गेल्यावर मी किती दिवसांत येणार होते.

तिला ते सांगायचं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "दोन आठवडे म्हणाले होते," ती म्हणाली. "फार तर तीन."

मला चौदा महिने लागले. तोवर ती ओळ तिथे न वाचलेली पडून होती, आणि मी घरात.